कॅन्सर रुग्णाला सांभाळणाऱ्याचा ताण: उपाय कोणत्या क्रमाने करायचे

घरात कॅन्सरचा रुग्ण असला की त्याला सांभाळणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात: ‘खंबीर राहा’ आणि ‘स्वतःकडेही बघ’. पहिला निरुपयोगी आहे. दुसरा बरोबर आहे, पण तो पाळायचा कसा हे कुणी सांगत नाही. मग माणूस नको त्या टोकापासून सुरुवात करतो. रात्रीची झोप जेमतेम तीन तास, तरी पहाटे ध्यानाला बसतो. आठवड्याची सगळी कामं एकट्याच्या डोक्यावर, तरी सकारात्मक विचार करायला बघतो. आठ-दहा दिवसांत ते सुटतं आणि ‘मला एवढंही जमत नाही’ ही नवी बोचणी मागे लागते.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व दिलं आहे. आधी धोका तपासायचा, मग ताण मोजायचा, मग झोप, कामं आणि माहिती यांची घडी बसवायची. भावनांकडे त्यानंतर वळायचं, कारण झोप न झालेल्या डोक्याने त्यांच्याशी झुंजता येत नाही. रोजची शुश्रूषा करणारा नवरा असो, बायको, मुलगी, भाऊ किंवा आई, क्रम तोच.

## तयारी

एक वही घ्या. रुग्णाच्या रिपोर्टांची फाईल वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही एकत्र ठेवल्या तर वही रुग्णाच्या हाती पडेल या धास्तीने तुम्ही खरं लिहिणार नाही. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, फक्त त्याला कुलूप हवं.

सुरुवातीला सलग अर्धा तास लागतो. केमोचा दिवस, स्कॅनच्या आदली रात्र आणि डिस्चार्जचा दिवस टाळा. त्या दिवसांत जे लिहिलं जाईल ते त्या दिवसापुरतंच खरं असेल.

## टप्पा १: आज काही धोका आहे का?

पुढच्या गोष्टींपैकी एक जरी होत असेल, तर बाकीचे टप्पे बाजूला ठेवून आजच डॉक्टरांशी किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर बोला.

- स्वतःला संपवण्याचे किंवा रुग्णाला आणि स्वतःला दोघांनाही संपवण्याचे विचार येतात.
- रुग्णावर हात उगारला गेला, किंवा कुशीवर वळवताना, अंघोळ घालताना रागाने हिसका बसला.
- थकव्यामुळे औषध दोनदा दिलं गेलं किंवा द्यायचं राहिलं, आणि हे एकदाच घडलेलं नाही.
- झोप यावी म्हणून दारू किंवा रुग्णाच्या गोळ्या घेणं सुरू झालं आहे.
- गाडी चालवताना डोळा लागला.

‘हे सगळं एकदाचं संपावं’ हा विचार दमलेल्या माणसाच्या मनात येतो. त्याचा अर्थ रुग्ण नकोसा झाला असा नसतो. बहुतेकदा हे हाल नकोसे झालेले असतात. मात्र त्या विचाराला पद्धत, वेळ किंवा साधन जोडलं जाऊ लागलं, म्हणजे ‘कसं’ आणि ‘कधी’ हे डोक्यात येऊ लागलं, की ती तातडीची अवस्था समजा. अशा वेळी एकटं राहू नका.

इशारा: मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या कुलुपात ठेवा आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या रोज लिहा. अतिताणाच्या घरात ही औषधं उघड्यावर असणं हाच मोठा धोका असतो. शिवाय या नोंदीमुळे डोस चुकला असेल तर तोही लगेच कळतो.

## टप्पा २: ताण मोजा

‘बरं चाललंय’ आणि ‘काही खरं नाही’ या दोन्ही उत्तरांवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. आकडा सांगा.

कॅन्सर रुग्णालयांत ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ नावाची साधी पट्टी वापरतात. ० म्हणजे ताण अजिबात नाही, १० म्हणजे टोकाचा ताण. आज धरून गेल्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात, त्या आकड्यावर खूण करायची. मूळ पट्टी रुग्णांसाठी केलेली असली तरी सांभाळणाऱ्यांसाठीही ती वापरली जाते. ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर उपचार करणाऱ्या टीमच्या कानावर घालायला हवं.

त्याच्या जोडीला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत १) एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? २) उदास, खिन्न, हताश वाटलं का? प्रत्येक उत्तराला अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३ असे गुण द्या. बेरीज ३ किंवा जास्त आली, तर ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची पूर्ण चाचणी करा. तिचे कमाल गुण २७ असतात आणि १० पासून पुढे डॉक्टरांकडे जायलाच हवं. चिंता जास्त असेल तर सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ करा. तिथे २१ पैकी १० ही रेघ.

या चाचण्या चाळणीचं काम करतात, निदान करत नाहीत. झोप आणि थकवा यांबद्दलच्या प्रश्नांवर रात्रभर जागणाऱ्या कुणाचेही गुण वाढणारच. म्हणून बेरजेइतकंच ‘रस वाटेनासा झाला का’ या प्रश्नाकडे लक्ष द्या. पीएचक्यू-९ मध्ये जीव नकोसा होण्याबद्दलचा जो नववा प्रश्न असतो, त्याचं उत्तर शून्याहून जास्त आलं तर बेरीज कितीही असो, टप्पा १ कडे परत जा.

नेहमीची चूक: रिपोर्ट यायच्या दिवशी मोजायचं, रिपोर्ट चांगला आला की सोडून द्यायचं. आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवा आणि त्याच वेळी मोजा.

## टप्पा ३: ताणाचे चार ढीग करा

वहीच्या पानावर चार रकाने आखा: १) शरीर, २) कामं, ३) माहिती, ४) नाती आणि दुःख. जे जे खुपतं ते योग्य रकान्यात एकेका ओळीत लिहा. ओळ अशी लिहा की तिच्यात वेळ आणि जागा दिसेल.

‘रात्री फार त्रास होतो’ या ओळीचं काहीच करता येत नाही. ‘दोनची गोळी देऊन आडवं झालं की चारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, कारण त्याच्या श्वासाकडे कान लागलेला असतो’ ही ओळ कामाची आहे. तिच्यात तीन धागे सापडतात: गोळीची वेळ (डॉक्टरांना विचारता येईल), परत झोप न लागणं (त्याची पद्धत आहे) आणि श्वासाची भीती (नेमकं कशाला घाबरायचं हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणजे माहितीचा रकाना). ‘मी हल्ली फार चिडचिड करते’ अशी ओळ लिहिली गेली, तर शेवटचं चिडणं कधी झालं, त्याआधी किती तास झोप झाली होती आणि कोणतं काम हातात होतं हे तिच्यापुढे लिहा.

बहुतेकांची अपेक्षा असते की शेवटचा रकाना सर्वांत भरलेला निघेल. प्रत्यक्षात पहिले तीन आधी भरतात. दुःख खरं असतं, पण त्यावर चढलेली पुटं अपुऱ्या झोपेची, विस्कळीत कामांची आणि अर्धवट माहितीची असतात. ती आधी काढायची.

तपासा: एखादी ओळ कोणत्याच रकान्यात बसत नसेल, तर ती अजून मोघम आहे. पुन्हा लिहा.

## टप्पा ४: झोप

पहिला प्रश्न: रुग्ण रात्री कशामुळे उठतो? आठवडाभर प्रत्येक वेळेची आणि कारणाची नोंद करा. ही यादी घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर निम्मा प्रश्न तिथेच सुटण्याची शक्यता असते.

- वेदनेमुळे उठत असेल, तर रात्रभर पुरणारं औषध आणि मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस दोन्ही ठरवून घ्या.
- डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड संध्याकाळी दिलं जात असेल, तर ते सकाळी देता येईल का विचारा. स्टिरॉइडमुळे झोप उडते.
- लघवी वाढवणाऱ्या औषधाची वेळही विचारून घ्या.
- मॉर्फिन चालू असेल आणि पोट साफ होत नसेल, तर रात्रीची अस्वस्थता त्यातूनही येते. मॉर्फिनबरोबर रेचक सहसा लागतंच.

वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. विचारा आणि लिहून घ्या.

दुसरा प्रश्न रात्री जागण्याच्या पाळीचा. घरात दोघं असतील तर रात्र सरळ दोन भागांत तोडा, उदाहरणार्थ १० ते ३ आणि ३ ते ८. ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत, दार लावून झोपायचं. ‘तू झोप, मी आहेच’ असं म्हणत दोघंही एकाच खोलीत जागे, हा प्रकार फार घरांत चालतो, पण त्याला पाळी वाटून घेणं म्हणत नाहीत. एकटेच असाल तर आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कुणाची किंवा पगारी मदतनिसाची सोय करा.

रुग्णाच्या उशाशी वाजवायची घंटा किंवा आवाज पोहोचवणारं साधं यंत्र ठेवा. हाक ऐकू येईल याची खात्री झाली की कान टवकारून झोपावं लागत नाही.

आडवं होऊन अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आली की परत या. अंथरुणात पडून रिपोर्ट आठवत बसलात तर अंथरुण आणि काळजी यांची गाठ पक्की होते.

इशारा: स्वतःसाठी झोपेची गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना आधी सांगा की रात्री रुग्णासाठी उठावं लागतं. ही माहिती नसेल तर ते चुकीची गोळी देऊ शकतात.

## टप्पा ५: कामं वाटा

एका आठवड्याची सगळी कामं लिहा, अगदी ‘नातेवाइकांना फोनवर तब्येत सांगणे’ हेसुद्धा. प्रत्येकापुढे खूण करा: फक्त मीच / शिकवलं तर दुसरा / कुणीही. पहिल्या गटात दहा-बारा कामं निघाली तर पुन्हा बघा. खरोखर फक्त तुम्हीच करू शकाल अशी कामं सहसा चार-पाचच असतात.

मदत मागताना घोटाळा होतो तो शब्दांत. ‘काही लागलं तर सांग’ असं समोरचा म्हणतो, ‘हो, सांगेन’ असं तुम्ही म्हणता, आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी काम, वार आणि वेळ असलेला निरोप पाठवा:

‘दादा, गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी २ बाबांची केमो आहे. तेवढा वेळ तू त्यांच्याजवळ बसशील का? औषधांची यादी आणि फाईल मी तयार ठेवते. जमणार नसेल तर आज रात्रीपर्यंत सांग, म्हणजे मी दुसऱ्या कुणाला विचारते.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकार द्यायला जागा ठेवली की होकार खरा येतो.

लांब राहणाऱ्यांना विम्याचे कागद, अपॉइंटमेंट, बिलांचा हिशोब आणि नातेवाइकांना बातमी देणं ही कामं द्या. बातमी देणारा एकच माणूस ठरवा. बाकी सगळे फोन त्याच्याकडे वळवा. रोज संध्याकाळी तीच कहाणी पाचजणांना सांगणं यात किती दम जातो हे ते काम हातातून गेल्यावरच कळतं.

नेहमीची चूक: काम द्यायचं आणि मग डोक्यावर उभं राहायचं. चादरीची घडी तुमच्यासारखी होणार नाही. चालेल. औषधाचा डोस मात्र लिहिलेल्या तक्त्यावरूनच दिला पाहिजे, तिथे तडजोड नाही.

जखमेचं ड्रेसिंग, नळीची निगा, इंजेक्शन असली कामं शिकताना नुसतं पाहून समाधान मानू नका. नर्ससमोर स्वतः एकदा करून दाखवा. केमोनंतर साधारण ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी हाताळताना हातमोजे लागतात. औषधानुसार हा काळ बदलतो, म्हणून तुमच्या औषधाबद्दल विचारा. हात सरावले की भीती बरीच उतरते.

## टप्पा ६: माहितीतली भोकं बुजवा

प्रत्येक भेटीला तीनच प्रश्न लिहून न्या, सर्वांत महत्त्वाचा आधी. पंधरा नेले तर पहिल्या दोनांतच वेळ संपतो आणि मनातला प्रश्न तळाला राहतो. नेहमी उपयोगी पडणारे तीन असे: पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय होण्याची शक्यता आहे? कोणती लक्षणं दिसली तर रात्रीसुद्धा फोन करायचा? तो फोन कुठे करायचा?

केमो चालू असताना एक उत्तर भिंतीवर चिकटवा: ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर सकाळची वाट बघायची नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेतू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, ताप झाकला जातो.

स्कॅन आणि रिपोर्ट यांच्या मधले दिवस वेगळं गणित मागतात. रिपोर्ट कधी, कुणाकडून आणि कसा मिळेल हे स्कॅनच्याच दिवशी ठरवून घ्या. मोबाईलवर रिपोर्ट आला तरी रात्री एकट्याने उघडू नका. त्यातल्या शब्दांचा अर्थ लावायला समोर डॉक्टर हवा. इंटरनेटवर जगण्याच्या कालावधीचा ‘मध्यक’ दिसला, तर त्याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा असतो. ते आकडे काही वर्षांपूर्वी उपचार झालेल्यांचे असतात हेही लक्षात ठेवा.

आणि आजार रुग्णापासून लपवणं. हेतू चांगला असतो, पण लपवणारा माणूस चोवीस तास पहाऱ्यावर राहतो: फाईल लपव, नर्सला खुणाव, पाहुण्यांना बजाव. रुग्णाला बहुतेकदा अंदाज आलेला असतो आणि तोही तुमच्यासाठी गप्प बसतो. एकदम सगळं सांगायची गरज नाही. ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं? आणखी किती जाणून घ्यायला आवडेल?’ एवढं विचारा आणि उत्तर येईल तितकंच पुढे जा. अवघड वाटलं तर डॉक्टरांनाच हा प्रश्न विचारायला सांगा.

तपासा: मध्यरात्री काय झालं तर काय करायचं, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला न विचारता सांगता येतं का?

## टप्पा ७: रुग्णाबरोबरच्या तीन ठिणग्या

जेवण. सर्वांत जास्त भांडणं ताटावरून होतात. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये शरीराची झीज नुसतं खाऊ घालून भरून येत नाही. आजार चयापचयच बदलतो आणि भूक मारतो. ‘खात नाही म्हणून खंगतोय’ यापेक्षा ‘आजारामुळे भूक नाही’ हे जास्त खरं असतं. थोडं वाढा, अर्ध्या तासाने काही न बोलता ताट उचला, दोन तासांनी पुन्हा विचारा. किती खाल्लं याची गणती रुग्णासमोर करू नका. गिळताना त्रास किंवा तोंडात फोड असतील तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावर इलाज असतो.

चिडचिड. स्टिरॉइडच्या दिवसांत माणूस अकारण भडकतो. केमोचं वेळापत्रक आणि भडकण्याचे दिवस वहीत शेजारी लिहा. मेळ बसला तर औषधाबद्दल बोला. त्या क्षणी वाद घालू नका. ‘मी दहा मिनिटांनी येते’ असं सांगून बाहेर पडा आणि खरंच दहा मिनिटांनी या.

अचानक गोंधळ. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत रुग्ण असंबद्ध बोलू लागला, माणसं ओळखेनासा झाला, दिवस-रात्र उलटी झाली, तर तो स्वभाव नव्हे. संसर्ग, क्षारांची गडबड, औषध किंवा मूत्र अडकणं यातलं काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी फोन करा. त्या अवस्थेत रुग्णाने केलेले आरोप मनाला लावून घेण्यासारखे नसतात, पण लागतात. ते वहीत लिहा.

## टप्पा ८: आता मनाकडे

रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, रुग्णाच्या खोलीबाहेर. या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त शुश्रूषेचं काम नको. वीसच का, असं विचाराल तर एवढा वेळ टिकतो. एका तासाचं ठरवलं की आठवड्यात बंद पडतं.

काळजी दिवसभर कुरतडत असेल तर तिला संध्याकाळची पंधरा मिनिटं द्या. मध्येच आली तर एका शब्दात टिपून ठेवा आणि त्या वेळी बघा.

राग, अपराधीपणा आणि रुग्ण असतानाच त्याच्यासाठी रडू येणं हे तिन्ही एकाच दिवशी येऊ शकतं. माणूस जायच्या आधीच शोक सुरू होतो, यात आशा सोडल्यासारखं काही नाही. सल्ला न देता ऐकणारा एक माणूस शोधा आणि बोलायच्या आधीच सांगा: ‘मला उपाय नकोय, दहा मिनिटं ऐक.’

## टप्पा ९: तज्ज्ञांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

चौथ्या ते सहाव्या टप्प्यातल्या गोष्टी सुरू करून दोन आठवडे झाले आणि डिस्ट्रेस थर्मामीटरचा आकडा अजून ४ किंवा जास्त आहे, किंवा पीएचक्यू-९ चे गुण १० किंवा जास्त आहेत, तर थांबू नका. कॅन्सर विभागातल्या समुपदेशकापासून किंवा समाजसेवा अधिकाऱ्यापासून सुरुवात करता येते. रुग्णाच्या भेटीत तुमचं बोलणं होत नसेल तर स्वतःच्या नावाने वेळ घ्या.

पहिल्या भेटीत वही दाखवा: आठवड्यांचे आकडे, झोपेचे तास, चार रकाने, चालू औषधं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पाच दिवसांत फरक नाही म्हणून सोडणं आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करणं, दोन्ही चुका सारख्याच नेहमीच्या.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांची टीमही मागा. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज आहे. निदान झाल्यापासून, कॅन्सरवरचे उपचार चालू असतानाही ती वेदना, मळमळ, झोप आणि घरच्यांचा ताण यांवर काम करते.

## टप्पा १०: उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि सांभाळणारा नेमका तेव्हा कोसळतो. इतके महिने धावपळीने जे अडवून ठेवलेलं असतं ते आता वर येतं, आणि मदतीला येणारी माणसंही पांगलेली असतात. म्हणून उपचार संपल्यावर पुढचे तीन महिने आठवड्याचं मोजमाप चालू ठेवा. फॉलोअप स्कॅनच्या आठवड्यात आकडा चढेल, ते धरूनच चाला.

रुग्ण दगावला तर शोकाला ठरावीक मुदत नसते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ नुसार सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ आणि दुःख जवळजवळ रोज राहून दैनंदिन जगणंच अडत असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

दोन्ही परिस्थितींत दोन कामं पहिल्या महिन्यात उरका. घरात उरलेली मॉर्फिन आणि झोपेची औषधं मोजा आणि ती कुठे, कशी परत करायची हे रुग्णालयात विचारून परत करा. आणि या काळात पुढे ढकललेली स्वतःची तपासणी, मग ती रक्तदाबाची असो, दातांची किंवा डोळ्यांची, तिची तारीख घ्या.